स्टिअरिंगची साक्ष

गाडी सुरू झाली नाही, तेव्हा ज्योत्स्ना शेडगे यांना उलट बरंच वाटलं. शिकवायला आयता धडा मिळाला होता.

मंगळवारची सकाळ, साडेसात वाजलेले. पाटणच्या बाजार समितीच्या मैदानात 'शेडगे मोटर ट्रेनिंग'ची पांढरी, विजेवरची गाडी उभी होती. स्टिअरिंगवर ज्योत्स्नाबाई, शेजारी तेजस्विनी डुबल. तेजस्विनी वरच्या खोऱ्यातल्या एका वाडीतली. दूध संकलनाचा टेम्पो स्वतः चालवायचा म्हणून ती शिकायला आली होती. तिसराच दिवस, त्यामुळे अजून तिच्या हातात स्टिअरिंग आलं नव्हतं.

"गाडी सुरू होत नाही, बघ," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "घाबरायचं नाही आणि लगेच कुणाला फोनही करायचा नाही. आधी काय बघायचं?"

"बॅटरी?"

"त्याच्या आधी आपण. पाय ब्रेकवर नीट आहे का, गिअर पार्कमध्ये आहे का, किल्ली गाडीतच आहे का. निम्म्या वेळा गाडी बरोबर असते, चुकलेलो आपणच असतो."

पाय बरोबर होता, गिअर बरोबर होता, किल्ली समोरच्या खणात होती. पडद्यावर मात्र एकच ओळ दिसत होती : वाहन सध्या उपलब्ध नाही.

त्यांनी दिवे लावून पाहिले, हॉर्न वाजवला, वायपर फिरवले. सगळं चालू. विजेच्या गाडीतही एक लहान बॅटरी असते आणि ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडीला जाग येत नाही, हे त्यांनी तेजस्विनीला समजावून सांगितलं. मग बॉनेट उघडून त्या बॅटरीच्या तारा हलवून दाखवल्या. कुठे पांढरी पूड चढलेली नव्हती. फ्यूज काढून उजेडात धरले, एकही जळलेला नव्हता. अर्धा तास गेला. सत्तावन्नाव्या वर्षीही बाईंना असल्या कामाचा कंटाळा येत नसे. सव्वीस वर्षांत खोऱ्यातल्या अकराशे बायकांना त्यांनी गाडी शिकवली होती. कुणी अंगणवाडीच्या, कुणी पोल्ट्रीवाल्या, कुणी फक्त सासरहून माहेरी स्वतःच्या मनाने जाता यावं म्हणून शिकलेल्या.

शेवटी त्यांनी इकबालभाईंना बोलावलं.

इकबाल मुल्लांचं गॅरेज पुलाजवळ होतं. पासष्टी गाठलेला हा माणूस एके काळी कार्ब्युरेटर उघडून साफ करायचा. आता खांद्यावर लॅपटॉपची पिशवी घेऊन फिरत असला, तरी गाडीला आधी कान लावायची सवय गेलेली नव्हती. त्यांनी तारा तपासल्या, ब्रेकचा स्विच पाहिला, लॅपटॉप जोडला. एकाही दोषाची नोंद नव्हती.

"ताई, जरा उतरा. मी बसून बघतो."

ते बसले, ब्रेक दाबला, बटण दाबलं. गाडी सुरू झाली.

"तुम्ही काय केलंत?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"काय नाय केलं."

गाडी बंद करून ते उतरले. ज्योत्स्नाबाई बसल्या. वाहन सध्या उपलब्ध नाही. पुन्हा इकबालभाई बसले, गाडी सुरू. असं तीनदा झालं. मग इकबालभाईंनी तेजस्विनीला बसायला सांगितलं. तिने आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगला हात लावला, भीतभीत बटण दाबलं, आणि पडद्यावर हिरवा दिवा लागला. तिने चटकन हात काढून घेतले.

इकबालभाई बराच वेळ बॉनेट पुसत राहिले. मग म्हणाले, "ताई, गाडी ठणठणीत हाये. कंपनीचं एक पत्रक आलंय गॅरेजला, गेल्या महिन्यात. स्टिअरिंग हात बघतं म्हणे. मला वाटलं, आपल्याकडं कशाला लागतंय ते."

*

स्टिअरिंग खरोखरच हात पाहत होतं.

माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला दहाएक वेळा थरथरतो, पण ती थरथर इतकी बारीक असते की डोळ्यांना दिसत नाही. २०३४च्या सुमारास काही संशोधकांच्या लक्षात आलं, की कंपवात होणार असलेल्या माणसाच्या या थरथरीत लक्षणं दिसण्याच्या चार-पाच वर्षं आधीच एक दुसरा, संथ ठोका मिसळू लागतो. सेकंदाला पाचाचा. मेंदूच्या खोल भागातल्या काही पेशी मरू लागलेल्या असतात, आणि हाताला ते माणसाच्या आधी समजलेलं असतं.

तो ठोका टिपायचा तर रोज, तासन्‌तास, हात एकाच वस्तूवर हवा. अशी वस्तू कोणती, याचं उत्तर सोपं होतं. स्टिअरिंगच्या वेष्टणात केसाहून बारीक धागे विणले गेले. ते दाबले गेले की किंचित वीज तयार होते, आणि त्या विजेच्या चढउतारात हाताची थरथर उमटते. शोध चांगला होता. हजारो लोकांना औषधं वेळेत सुरू झाली.

मग दोन-तीन मोठे अपघात झाले आणि नियम आला. २०३८नंतरच्या प्रत्येक गाडीला असं स्टिअरिंग हवं, आणि संथ ठोका ठरावीक मर्यादेच्या वर गेला तर गाडीने त्या हातांनी सुरू होऊ नये. कारण मात्र सांगायचं नाही. गाडी म्हणजे डॉक्टर नव्हे, तिने निदान सांगणं बेकायदेशीर. म्हणून पडद्यावर एवढंच, की वाहन उपलब्ध नाही. आणि ज्याचे हात आहेत त्याला एकट्याला धक्का सोसावा लागू नये म्हणून कुलूप लागण्याआधी पंधरा दिवस एक संदेश जायचा. गाडी घेताना फॉर्मवर 'जबाबदार नातेवाईक' असा रकाना असे. त्या नातेवाइकाला.

*

ज्योत्स्नाबाई घरी आल्या, तेव्हा श्रीकांत शेडगे सोप्यात बसून मेथी निवडत होते. हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवून ते निवृत्त झाले होते.

"गाडी सुरू झाली नाही," त्या म्हणाल्या.

"असं? मग राहू दे थोडे दिवस. तूही दमतेस."

त्यांनी वर पाहिलं नाही. काय बिघडलं, इकबालला दाखवली का, किती वेळ लागेल, यातलं काही विचारलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस भाजीवाल्यालाही तीन प्रश्न विचारल्याशिवाय भाजी घेत नसे. ज्योत्स्नाबाईंना आठवलं, गेले दोन आठवडे ते रोज सकाळी "आज मी सोडतो तुला मैदानावर" म्हणत होते. मागच्या रविवारी तर शिकवायला एखादी तरुण मुलगी ठेव, असंही सुचवून झालं होतं.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

मेथीची काडी श्रीकांतरावांच्या बोटांत तशीच राहिली. "पंधरा दिवस झाले."

"काय लिहिलंय त्यात?"

त्यांनी खिशातून फोन काढून दिला. संदेश चार ओळींचा होता. वाहनचालक ज्योत्स्ना शेडगे, हातांच्या थरथरीची मर्यादा ओलांडली, पंधरा दिवसांनी वाहन बंद होईल, कृपया चालकास समजुतीने वैद्यकीय सल्ल्याकडे न्यावे.

"समजुतीने," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"मी सांगणारच होतो. रोज ठरवायचो." श्रीकांतरावांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "थोरल्या दादाला मी चार वर्षं चमच्याने भरवलंय, ज्योत्स्ना. तू पाहिलं आहेस. तुझ्या तोंडावर ते नाव घ्यायला जीभ वळेना."

ज्योत्स्नाबाईंना ते आठवत होतं. चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर रिकामा व्हायचा, आणि दादा भिंतीकडे तोंड करायचे. क्षणभर त्यांना नवऱ्याची दया आली. पण दयेहून राग मोठा होता.

"मी पंधरा दिवस बायकांना घेऊन घाटात फिरतेय. मला धोका होता, तर त्यांनाही होता. ते तुम्हाला सुचलं नाही. आणि धोका नव्हता, तर मग लपवलंत कशाला? हात माझे, आणि हातांची बातमी तुमच्या खिशात. उद्या मी कऱ्हाडला डॉक्टरांकडे जाणार आहे. बसने."

"मी येतो."

"यायचं तर या. पण डॉक्टर माझ्याशी बोलतील."

*

मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. मुग्धा नेर्लेकर त्यांच्याशीच बोलल्या. त्यांनी ज्योत्स्नाबाईंना चालायला लावलं, बोटं टेकवायला लावली, कागदावर गोल गोल नक्षी काढायला लावली. स्कॅन पाहिला.

"खरं ते सांगते. सुरुवात असू शकते. स्टिअरिंगने सांगितलेल्या शंभरांपैकी सत्तर जणांना पाच वर्षांत लक्षणं दिसतात. तिसांना कधीच दिसत नाहीत. तुमचा स्कॅन पाहता तुम्ही सत्तरात असाल, असं मला वाटतं. औषध आजपासून सुरू करू."

श्रीकांतराव खुर्चीच्या कडेवर बसले होते. ज्योत्स्नाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"आज माझे हात कसे आहेत?"

"आज उत्तम आहेत. तुमच्या वयाच्या बऱ्याच जणांपेक्षा चांगले."

"मग आज मी गाडी चालवू शकते?"

"मला विचाराल तर हो. स्टिअरिंग पुढचं सांगतं, आजचं नाही. नियम करणाऱ्यांनी दोन्ही एकच धरलंय."

"हे लिहून द्याल?"

"देईन. पण माझ्या कागदाने गाडीचं कुलूप उघडत नाही."

परतीच्या बसमध्ये श्रीकांतराव म्हणाले, "सत्तर टक्के म्हणजे थोडं नाही." ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "मला माहीत आहे सत्तर म्हणजे किती. शंभर टक्के मरणार आहोत, म्हणून आजच कुणी तिरडी बांधत नाही."

*

दुसऱ्या दिवशी इकबालभाईंनी गॅरेजचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, एक कव्हर मिळतं. स्टिअरिंगवर चढवायचं. आत दुसऱ्या हाताची थरथर वाजत राहती, गाडीला वाटतं दुसराच माणूस चालवतोय. माझ्या हाताची भरतो. कुणाला पत्ता लागत नाय."

"म्हणजे कागदावर गाडी इकबाल मुल्ला चालवणार, आणि मी चोरासारखी बसणार."

"पोटापाण्याचा धंदा हाये तुमचा."

"तुम्ही माझ्यासाठी म्हणताय, मला कळतंय भाई. पण पोरींना मी पहिल्या दिवशी सांगते, लायसन्स घरी असेल तर चाकाला हात लावायचा नाही. त्यांच्या पुढ्यात मी हे कव्हर चढवून बसू? मला लपून चालवायचं नाही. सगळ्यांदेखत चालवायचंय." गॅरेजच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली एक जीप होती, तिकडे त्यांनी बोट केलं. "ती चालते का?"

जीप २०१४ची, डिझेलवरची. क्लच, गिअर, हाताने ओढायचा ब्रेक. स्टिअरिंग म्हणजे साधं गोल लोखंड, वर काळं रबर.

"चालती की. पर सुरू व्हायला रुसती."

"रुसू दे."

ज्योत्स्नाबाईंचं लायसन्स रद्द झालेलं नव्हतं. कुलूप गाडीला होतं, त्यांना नव्हतं, आणि जीपला ते कुलूप नव्हतंच. जीप खरोखर रुसली. इकबालभाईंनी डिझेलच्या नळीत शिरलेली हवा काढली, बॅटरीची तार घासून पुन्हा आवळली, आणि चौथ्या खेपेला इंजिन खोकत खोकत चालू झालं. ज्योत्स्नाबाईंनी क्लच सोडला आणि थेट परिवहन कार्यालय गाठलं.

तिथले मोटार वाहन निरीक्षक अनिकेत वाघमारे चाळिशीच्या आतले, शांत गृहस्थ होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. माझी आजची गाडी चालवण्याची क्षमता प्रत्यक्ष चाचणी घेऊन ठरवावी, एवढंच त्यात लिहिलेलं होतं.

"मॅडम, अशा अर्जाला आमच्याकडे रकानाच नाही. स्टिअरिंगने नाकारलं की विषय संपतो."

"मग तसं लिहून द्या. रकाना नाही म्हणून अर्ज नाकारला. खाली सही आणि शिक्का."

"असं कसं लिहून देणार?"

"का? खरं आहे ना?"

वाघमारे हसले नाहीत, पण त्यांनी अर्ज परतही केला नाही. कपाटातून नियमांचं जुनं पुस्तक काढून बसले. वीस मिनिटांनी एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "चालकाच्या क्षमतेबद्दल शंका आल्यास निरीक्षक प्रत्यक्ष चाचणी घेऊ शकतो. हे कलम कुणी काढून टाकलेलं दिसत नाही. शंका स्टिअरिंगला आली, असं धरता येईल." त्यांनी पुस्तक मिटलं. "पण मी सूट देणार नाही. नवशिक्याला देतो तीच चाचणी. एक खांब पडला तर चालेल, दोन पडले तर नापास."

"सूट मागायला मी आलेच नाही."

*

चाचणी सोमवारी सकाळी दहाला होती. तेजस्विनीने खोऱ्यात बातमी पोचवली होती. साडेनऊपासून परिवहन कार्यालयाच्या मैदानाच्या कुंपणाबाहेर टेम्पो, छोट्या गाड्या, एक शाळेची बस येऊन थांबली. प्रत्येक गाडीतून चालवणारी बाई उतरली. कुणी घोषणा दिल्या नाहीत. पदर, ओढण्या सारख्या करून त्या कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या.

श्रीकांतराव इकबालभाईंच्या शेजारी उभे होते. आठवडाभर घरात जेवणाखाणापुरतंच बोलणं झालं होतं.

"हीच गाडी?" वाघमारेंनी जीपकडे पाहून विचारलं. "क्लचची?"

"हिने मला नाही म्हटलं नाही, म्हणून ही."

आधी आठचा आकडा. अरुंद, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे खांब. ज्योत्स्नाबाईंनी जीप पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि क्लच न दाबता, नुसत्या इंजिनच्या ओढीवर आकडा पुरा केला. मग उलट गाडी लावायची होती. शेवटच्या कोपऱ्यात मागचं चाक खांबाला लागलं, खांब डुलला आणि पडला. कुंपणाजवळ कुणीतरी श्वास ओढल्याचं ऐकू आलं. त्यांच्या तळव्यांना घाम फुटला. हात थरथरला का, असं त्यांनी मनाशी विचारलं, आणि खरं उत्तर शोधलं. हात थरथरला नव्हता. अंदाज चुकला होता. चाळीस वर्षांची असतानाही असा खांब त्यांनी पाडला असता. त्यांनी तळवे साडीला पुसले आणि जीप रेषेत आणून उभी केली.

मग वेग. ताशी चाळीसने जाताना वाघमारे कधीही लाल झेंडा दाखवणार, आणि पांढऱ्या रेषेच्या आत थांबायचं. झेंडा वर गेला. जीप कर्कश ओरडत रेषेच्या दोन हात आधी थांबली.

शेवटी चढ. अर्ध्या चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुढे काढायची. जुन्या पद्धतीप्रमाणे वाघमारेंनी मागच्या चाकाला टेकून काडेपेटी ठेवली. ती चिरडली तर नापास.

तेवढ्यात श्रीकांतराव कुंपणाच्या फाटकातून आत आले. चढ चढून ते जीपच्या अगदी मागे, चाकांच्या मधोमध उभे राहिले.

"काका, बाजूला व्हा," वाघमारे म्हणाले.

"राहू द्या. मी तिच्यापासून लपवलं. आता मी इथेच उभा राहणार."

ज्योत्स्नाबाईंनी आरशात पाहिलं. त्यांना नवऱ्याचा पांढरा सदरा दिसला, मिटलेले ओठ दिसले. त्यांनी हाताचा ब्रेक आणखी एक खाच वर ओढला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अहो, तिथून हला. तुमचा माझ्यावर भरवसा आहे की नाही, हे आपण घरी बघू. इथे साहेबांच्या वहीत निकाल लागणार आहे. तुम्ही मागे उभे राहिलात, तर लोक म्हणतील, नवऱ्याच्या जिवाच्या भीतीने पास झाली."

श्रीकांतराव खाली मान घालून बाजूला झाले. पण कुंपणाबाहेर गेले नाहीत. चढाच्या कडेला, जिथून काडेपेटी दिसत होती, तिथे उकिडवे बसले.

ज्योत्स्नाबाईंनी क्लच हळूहळू सोडला. जीपचं नाक उचललं गेलं, पत्रा थरथरला, इंजिनचा आवाज जड झाला. त्यांनी ब्रेक खाली सोडला. जीप पुढे गेली.

काडेपेटी श्रीकांतरावांनीच उचलली. चारही कोपरे शाबूत होते. ती त्यांनी वाघमारेंच्या हातात दिली.

वाघमारेंनी तिथेच, जीपच्या बॉनेटवर वही ठेवून लिहिलं : एक खांब पडला. बाकी चाचणी समाधानकारक. चालक सहा महिन्यांसाठी सक्षम. कुलूप काढण्याचा आदेश कंपनीला पाठवला जाईल. मग त्यांनी एक फॉर्म पुढे केला. त्यात तोच रकाना होता, जबाबदार नातेवाईक.

ज्योत्स्नाबाईंनी तिथे स्वतःचं नाव लिहिलं.

"मॅडम, सिस्टीम हे घेणार नाही. चालक आणि नातेवाईक एकच चालत नाही."

"माझ्या हाताबद्दल जे कळेल, ते आधी मला कळेल. मग मी यांना सांगेन." त्यांनी श्रीकांतरावांकडे मान वळवली. "सांगेनच. पंधरा दिवस थांबणार नाही."

श्रीकांतरावांनी पेन घेतलं. फॉर्मखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'वरील बदलास माझी संमती आहे,' आणि सही केली. सिस्टीमने तो फॉर्म तीनदा परत पाठवला. वाघमारेंनी तो चौथ्यांदा पाठवला, आणि सोबत मैदानावरच्या चाचणीचा अहवाल जोडला.

कुलूप उघडायला अकरा दिवस लागले. रकान्याला चार महिने.

*

सहा महिन्यांनी दुसऱ्या चाचणीला ज्योत्स्नाबाई आल्या, तेव्हा मैदानावर रांग होती. कोयनानगरचा एक टॅक्सीवाला, उंब्रजची एक दंतवैद्य, दोन एसटी चालक, असे चौदा जण. सगळे स्टिअरिंगने नाकारलेले. सगळ्यांच्या हातात तसाच अर्ज.

औषध चालू होतं. तरी गेल्या महिन्यापासून डाव्या हाताची करंगळी अधूनमधून हलायची. ज्योत्स्नाबाईंनी ते त्याच दिवशी श्रीकांतरावांना सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या बायकांनाही. "हे असं आहे. ज्यांना माझ्या गाडीत बसायचं नसेल, त्यांनी आजच सांगा, मनात ठेवू नका." दोघी गेल्या. नऊ जणी राहिल्या. तेजस्विनी तर शिकून, लायसन्स घेऊन, टेम्पो चालवू लागली होती.

या खेपेला खांब पडला नाही. झेंड्याला जीप रेषेच्या हातभर आधी थांबली. मागच्या वेळी हे अंतर दोन हात होतं. वाघमारेंनी ते वहीत लिहिलं आणि वही ज्योत्स्नाबाईंकडे फिरवली. त्यांनी वाचून सही केली.

"पुढच्या सहा महिन्यांनी पुन्हा?" वाघमारेंनी विचारलं.

"येईन."

"आणि तेव्हा जर..." ते अडखळले.

"बोला की. नापास झाले तर." ज्योत्स्नाबाईंनी सही केलेलं पेन त्यांच्यापुढे ठेवलं. "त्या दिवशी किल्ली तुमच्या टेबलावर ठेवीन. पण ठेवणार मी. माझ्या हाताने."

त्या जीपकडे गेल्या. रांगेतली दंतवैद्य कधीपासून क्लचकडे बघत उभी होती. तिची स्वतःची गाडी कुलूपबंद, त्यामुळे चाचणी याच जीपवर द्यायची होती, आणि तिने आयुष्यात क्लचची गाडी चालवली नव्हती. ज्योत्स्नाबाईंनी तिच्यासाठी दार उघडलं आणि स्वतः शेजारच्या बाजूला जाऊन बसल्या.

"डावा पाय पूर्ण दाबा," त्या म्हणाल्या. "घाई करू नका. अजून तुमचा नंबर यायला वेळ आहे."